तुझ्या मशीनला रिबन आणली

बोरी अरब,
रविवार, दुपार

प्रिय वैशू,

फोन असताना आई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर मी तुझ्या ओळखपत्रांच्या मशीनचं नाव काढलं की तू लगेच "विकून टाक ना ते, मले नको सांगू त्याचं काही," म्हणतेस आणि पुण्याच्या ट्रॅफिकवर येतेस. पत्राला मधेच तोडता येत नाही. म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून वाच. घरी सगळे ठीक आहेत, बाबांचा गुडघासुद्धा.

तर मशीन. तू सांगितलंस म्हणून मी ते विकायलाच काढलं होतं, खरंच. दारव्ह्याचा राजदीप म्हणून एक जण आहे, त्याला त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात ओळखपत्रं छापायची आहेत. तो आला, मशीनवरची चादर काढली, मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, चालू करून दाखवा. एक कार्ड चांगलं निघालं की आजच नेतो." आता मी काय चालू करणार? तुझ्या दुकानात मी यायची ती डबा द्यायला. आतली रिबनही संपलेली. महिन्याभरानं या म्हणून सांगितलं आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

त्यानंतरच्या शनिवारी एसटीनं यवतमाळला गेले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अशा सामानाचं दुकान आहे. मालक अतुल, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मी ऐटीत म्हटलं, ओळखपत्राच्या मशीनची रिबन द्या. त्यानं विचारलं, "कोणत्या मशीनची?" मी म्हटलं, "पांढऱ्या." तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. प्रत्येक मशीनची रिबन वेगळी असते, दुसरीची घातली तर मशीन ती ओळखतच नाही, हे त्यानं मला नीट समजावलं. मशीनच्या मागे जे लेबल आहे त्याचा फोटो काढून आणा, आणि उरलेली कार्डं असतील तर तीही आणा, म्हणाला. रिकाम्या हातानं परत आले. बाबा म्हणाले, "बावीस वर्षं अंगणवाडीचे रजिस्टर भरले, अन् मशीनचं नाव लिहून नेलं नाही?" दोन दिवस हसत होते.

पुढच्या शनिवारी फोटो, कार्डांचा खोका, सगळं घेऊन गेले. अतुलनं रिबन उलगडून दाखवली. मला वाटायचं काळी फीत असेल, टाइपरायटरसारखी. ही तर लुगड्याच्या काठासारखी रंगीत! पिवळा पट्टा, मग गुलाबी, मग निळा, मग काळा, आणि शेवटी एक पट्टा नुसता पारदर्शक. मशीन एकाच कार्डावर एकेक रंग उष्णतेनं उतरवत जातं आणि शेवटी तो पारदर्शक थर वरून बसवतं, म्हणजे पाण्यानं, घामानं फोटो जात नाही. नुसतं नाव छापायचं तर काळी रिबन पुरते, पण फोटोला ही पाच पट्ट्यांचीच हवी. तुला हे सगळं माहीत आहे, मला ठाऊक आहे. पण मला नवीन कळलं ना, मग सांगू दे.

मग त्यानं खोक्यातलं एक कार्ड काढलं. उजेडात तिरपं धरलं, नख फिरवून पाहिलं, खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. म्हणाला, "काकू, ही कार्डं या मशीनची नव्हेतच. शाईच्या प्रिंटरची आहेत. शाई धराले यांच्यावर वेगळा थर राहते. तुमच्या मशीनचा रंग त्याच्यावर बसतच नाही, बसला तरी सुटून येते." मी विचारलं, छापणाऱ्याची काही चूक? "छापणारा काय करन? दिसाले दोन्ही सारखीच. कार्डं पाठवणाऱ्यानं सांगाले पाहिजे होतं."

वैशू, मी त्याला हे तीनदा विचारलं. तू छापलेली आणि शाळेनं परत केलेली ती तीनशे कार्डं माझ्या डोळ्यांसमोर आली, पोरांच्या गालांवरून पापुद्रे निघालेली. सगळ्या स्टाफसमोर हेडमास्तर तुला काय काय बोलले होते, ते आठवलं. परतीच्या गाडीत खोका मांडीवर घेऊन बसले होते. बोरी आली हे कंडक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं.

घरी आल्यावर मात्र मी जिद्दीला पेटले. अतुलनं साधी गुळगुळीत कार्डं दिली होती, एटीएमच्या कार्डाएवढ्या जाडीची, आणि सोबत साफसफाईचं एक चिकट कार्ड. ते मशीनमधून फिरवलं तर दुसऱ्या बाजूनं असं काळंकुट्ट निघालं की बाबा म्हणाले, "मशीननं दंतमंजन केलं वाटते." कार्ड कडेनं धरायचं, छापायच्या बाजूला बोट लावायचं नाही, हे अतुलनं बजावलं होतं. ते मी अक्षरशः पाळलं, बाबांना तर खोलीतच येऊ दिलं नाही. बाकीचं, म्हणजे कॉम्प्युटरचं, तुझ्याच वहीत पाहून केलं. किती नीट लिहिलं आहेस गं त्यात.

पहिलं कार्ड कोणाचं काढलं असेल? तांड्यावरच्या सुखीबाईचं! ती दुधाचा रतीब घालायला आली होती, काय चाललंय म्हणून दारातच थांबली. फोटो काढला, नाव टाकलं. हुद्दा काय लिहू, विचारलं. "मले कायचा हुद्दा व बाई? दोन बकऱ्या हायेत." मग स्वतःच विचार करून म्हणाली, "लिही, मालकीण." तसंच लिहिलं. सुखीबाई राठोड, मालकीण. कार्ड बाहेर आलं तेव्हा गरम होतं. ती त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं फोटो आवडला नाही. तर म्हणते, "मी इतकी चांगली दिसतो?"

बाजाराच्या दिवशी ते गळ्यात घालून ती गावभर फिरली. भांड्यांच्या पाण्यात बुडवून, राखेनं घासून तिनं आपणच त्याची परीक्षाही घेतली. काही झालं नाही. ते पाहून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायका आल्या. त्यांना तालुक्याच्या प्रशिक्षणाला ओळखपत्र लागत होतं. वाफेत, तेलात, पाण्यात टिकेल असं हवं, म्हणाल्या. चौदा कार्डं काढली. एकावर रेघ आली, मशीन पुन्हा साफ केलं, ते परत छापलं. आता चौदाही जणी कार्ड घालूनच चुलीपुढे बसतात. हेडमास्तरांनी विचारलं, कुठून आणली? त्यांनी तुझं नाव सांगितलं. मी नव्हतं सांगायला लावलं.

काल राजदीप आला. कार्ड पाहिलं, खूश झाला, मशीन उचलायला गाडीच घेऊन आला होता. मी म्हटलं, जिचं मशीन आहे तिला विचारल्याशिवाय देत नाही. बिचारा दुसऱ्यांदा चहा पिऊन परत गेला.

पण मशीनसाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही. ते ठेव नाहीतर विक, पुण्यात राहा नाहीतर ये, तुझी मर्जी. लिहिलं ते यासाठी की त्या दिवशी तू शाळेतून ती कार्डं घेऊन आलीस, तेव्हा घरात पाऊल टाकायच्या आधीच मी म्हणाले होते, "सांगतलं होतं ना, हे आपल्यासारख्याचं काम नाही." हेडमास्तर परके होते, मी तुझी आई. आठ दिवसांनी तू पुण्याची बॅग भरलीस, आणि मी स्वतःला सांगत राहिले की पोरगी नोकरीसाठी गेली. फोनवर हे बोलायला किती वेळा गेले, पण तोंडातून भाजीपाल्याचंच निघालं. चुकलं माझं, वैशू. कार्डं चुकीची होती, तू नव्हतीस.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली आई