येतो म्हणजे कुठलं

१४ मे
सीझन. सकाळपासून नुसतं काळं रेक्झिन. एम. एस्सी., एम. कॉम., एम. एड., सगळ्यांना परवाच्या आत बाइंडिंग हवं. अब्बा शिवतात, मी खळ लावतो आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं दाबतो. आज दोन प्रबंध आले, दोन वेगळ्या मुलांचे. प्रस्तावना तीच. ऋणनिर्देशही तोच, अगदी आईचं नावसुद्धा. एकाला दाखवलं. म्हणाला, "तुम्ही बाइंडिंग करा ना." केलं. सोन्याच्या अक्षरांत. विद्येचं माहेरघर म्हणे.

दुपारी नुझहत आली. (इथून पुढे नुसतं न.) बॉटनीचा प्रबंध, तिच्या काश्मीरच्या डोंगरातल्या औषधी वनस्पतींवर. काउंटरवर उभं राहून मला हाक मारली, "अहो, माझं पण करता का?"

पुण्यात येऊन मराठी शिकली ती घरमालकिणीचं बोलणं ऐकून, त्यामुळे सगळ्यांना अहो. रिक्षावाल्याला, कुत्र्याला, मला. (मला हाक अहो, पुढे बोलताना तू.) हे अहो कोण कोणाला म्हणतं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. अब्बा दाबयंत्रामागे तोंड लपवून हसत होते.

तिची अक्षरं मी दोनदा दाबली. सोनं जरा जास्त लागलं.

२० मे
मोठा मामू घरी. पहिला प्रश्न तोच. "कॉलेज क्यूं छोड्या रे?" परत तीच कॅसेट लावावी लागली. तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक माझं नाव वाचून म्हणाले, "वा, मराठी छान बोलता की तुम्ही लोक." माझा पणजोबा याच पेठेत पुस्तकं बांधायचा, मी मराठी छान बोलणार नाही तर काय जपानी बोलणार. मग म्हणाले, "बरं, वनस्पती राहू द्या. काश्मीरबद्दल तुमचं काय मत?" मी फाइल टेबलावर आपटली. त्यांच्या चहात. आमचे विभागप्रमुख (वि. प्र.) म्हणाले, माफी माग. मी निघालो, तो निघालोच.

मामूला वाटतं मी मूर्ख आहे. अम्मीला वाटतं नजर लागली. न.ला जे वाटतं ते तिने आज टपरीवर तोंडावर सांगितलं.

"तुझं कॉलेज रोज उघडतं ना?"
"हो."
"पोलीस नसतात ना गेटवर?"
"नसतात."
"मग तू कशाला बंद केलंस?"

तिची तीन वर्षांची बी. एस्सी. पाच वर्षांत झाली. कधी बंद, कधी कर्फ्यू, कधी खिंडीत बर्फ. एकदा तर पेपर झाले आणि उत्तरपत्रिका डोंगराच्या पलीकडेच अडकून पडल्या. हे ती जेवणात मीठ कमी आहे अशा सुरात सांगते. मला मात्र ऐकताना राग डोक्यात जातो. तिच्यावर नाही, कोणावर ते कळत नाही.

उठताना सवयीने म्हटलं, "चल, येतो." तिला हसू आलं. पहिल्या वर्षीचं आठवलं असणार. तेव्हा याच टपरीवर मी "येतो" म्हणून घरी गेलो, आणि ही बया माझी वाट बघत अंधार पडेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी भांडली. "आता हूँ बोलके गया था तू." मी समजावलं, आमच्यात जातो म्हणत नाहीत, अशुभ असतं. जाणारा माणूस येतो म्हणतो. ती म्हणाली, "मग खरंच येणारा काय म्हणतो?"
अजून उत्तर सुचलेलं नाही.

२ जून
संपलं सगळं.

तिच्या गावच्या डिग्री कॉलेजात तिला घेतलंय. कंत्राटी, एका सत्रापुरतं. पुढच्या सत्राचं पुढच्या सत्रात. कुपवाड्याच्या पुढे, खिंड ओलांडून पलीकडे. कॉलेजची एक बाजू लष्कराकडे, एक बाजू कॉलेजकडे, मध्ये पत्र्याची भिंत. ही सगळी माहिती तिने मला हसत दिली, पेढे देतात तशी.

मी बोललो. बरंच बोललो. बिबवेवाडीत क्लासवाल्याशी मी आधीच बोलून ठेवलं होतं, नीट-बीटची बॅच, एसी, लगेच जॉइन. तुला काय वेड लागलंय का. तिकडे कॉलेज आहे का छावणी. तिकडे शिकून कोण काय झालं.

ती म्हणाली, "मी झाले."

आणि पुढे, "बिबवेवाडीला शिकवणारे मिळतील रे. तिकडे बॉटनीला कोणीच नाही. मुली पुस्तक पाठ करतात आणि दारातलं झाड ओळखत नाहीत."

मी म्हटलं, आणि मी?
ती म्हणाली, "तू काय? तू तर निघून जातोस."

आज अहो म्हणाली नाही.

१० जून
किळस या शब्दाला दुसरा शब्द शोधायला हवा, हा वापरून झिजला.

वि. प्र. स्वतः दुकानात आले. मला ओळखलं नाही असं दाखवलं. कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र आहे, त्याच्या फोल्डरची ऑर्डर. विषय: "सीमावर्ती डोंगराळ प्रदेशातील उच्च शिक्षण: समस्या आणि उपाय." वक्त्यांची पत्रिका पाहिली. सगळे इथलेच. एक जण नगरचे, तेवढेच काय ते डोंगराळ.

न.लाही बोलावणं आहे. बोलायला नाही. फेरन, म्हणजे तिकडचा पायघोळ अंगरखा, घालून दारात उभं राहायचं आणि पाहुण्यांना केशराचं दूध द्यायचं. मी म्हटलं, जाऊ नको. म्हणाली, "दूध द्यायला काय जातंय. आत काय बोलतात ते तर ऐकू."

जूनमध्ये फेरन. लोकरीचं. पुण्यात.

१८ जून
फोल्डर पोचवायचं निमित्त करून मागच्या रांगेत बसलो.

न. साधा सलवार कमीज घालून आली. वि. प्र. धावतच आले. "अगं, ड्रेस कुठाय?" न. म्हणाली, "सर, उन्हाळ्यात आम्ही पण नाही घालत." नशीब, दूध तरी गार होतं.

बीजभाषण. वक्ते मागच्या वर्षी टूरबरोबर गुलमर्गला जाऊन आलेले. स्लाइड लावल्या. पहिल्या स्लाइडवर बर्फ. दुसऱ्यावर बर्फ आणि सौ. तिसऱ्यावर घोडा. मग "तेथील युवकांना मुख्य प्रवाहात आणणे" वगैरे, जणू तिथला युवक ओढ्यात उभा आहे. तेवढ्यात शेजारचा प्राध्यापक घोरायला लागला. त्यातल्या त्यात प्रामाणिक माणूस.

प्रश्नोत्तरांत एका बाईंना न. दिसली. "तुमच्याकडे मुलींना शिकू देतात का हो?"
न. उभी राहिली. शुद्ध मालकीणबाईंच्या मराठीत, "देतात. कॉलेज उघडं असलं तर."
थोडं हसू.
"आणि हजेरी?"
"कमी असते. पण जी असते ती खरी असते. आमच्याकडे कोणी दुसऱ्याची हजेरी लावत नाही. नावाचा माणूस खरंच तोच आहे का, हे गेटवरच पोलीस बघतात."

माझे कान तापले. दोन वर्षं माझी हजेरी मित्रांनी लावली आणि मी त्यांची. वि. प्र. घाईघाईने म्हणाले, "छान, छान. आता भोजनाकडे वळू या."

मसालेभात, जिलबी. समस्या आणि उपाय दोन्ही ताटात.

२४ जून
गेली.

जम्मूची गाडी संध्याकाळची. मी बॅगा उतरवून रिक्षात ठेवल्या. मालकीणबाई दारात. दोन वर्षं हिला "गीझर दहा मिनिटं" एवढंच बोलल्या असतील. आज हातावर दही-साखर.

न. म्हणाली, "काकू, जाते."
"जाते म्हणू नये गं. येते म्हण."
"येते म्हटलं तर तुम्ही डिपॉझिट देणार नाही."
बाईंना हसावं का रागवावं कळेना. मग पदर डोळ्याला लावला. पुण्यात असं घडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, मला येते म्हणेल. रिक्षात बसली, दुपट्टा आत ओढून घेतला, म्हणाली, "परीक्षा दे. तोपर्यंत तिकडे येऊ नकोस. आमच्याकडे लोक विचारतात, मुलगा काय करतो. कॉलेज रोज उघडं होतं तरी सोडलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"
मग म्हणाली, "जाते."

रिक्षावाल्याने मीटर टाकला. मी परत आलो आणि रात्रीपर्यंत खळ ढवळत बसलो. गुठळ्या झाल्या.

११ जुलै
पहिला फोन. तिकडचं सिम घ्यायला ती भावाबरोबर कुपवाड्याला आली होती. माझं प्रीपेड तिकडे चालत नाही म्हणे. बाहेरचं प्रीपेड तिथे गेलं की मेलंच. म्हणजे मी उद्या तडकाफडकी निघालो तरी पोचल्यावर मुकाच. वा.

कॉलेज नदीकाठी आहे. नदीच्या पलीकडे दुसरा देश. तिकडच्या काठावरही एक कॉलेज आहे, पांढऱ्या शर्टातली पोरं दिसतात. तिकडचं घड्याळ अर्धा तास मागे. त्यामुळे हिचा दुसरा तास चालू असताना पलीकडचा पहिला तास संपल्याची घंटा होते आणि वर्गातल्या पोरी दप्तर आवरायला लागतात. न. ओरडते, "ती आपली नाही, बसा."

खूप हसलो. फोन ठेवल्यावर रडू आलं, ते इथे लिहिण्याची गरज नव्हती.

१९ ऑगस्ट
तिकडे फोन बंद. सगळेच. का, ते टीव्हीवर चार जण एकाच वेळी ओरडून सांगतायत.

गिऱ्हाईकांना तोंड असतं हीच अडचण. एक साहेब बाइंडिंग घेताना म्हणाले, "काय मग, तुमच्या तिकडे काय चाललंय?" मी म्हटलं, "गुरुवार पेठेत? पाणी कमी दाबाने येतंय." अब्बांनी डोळे वटारले. साहेब गेल्यावर म्हणाले, "ग्राहक से झगडा नक्को. मैं चालीस साल से पानीच बोलतूं." म्हणजे हे उत्तर माझं नव्हतंच. अब्बांनाही हाच प्रश्न चाळीस वर्षं विचारतायत आणि त्यांनी कधी कोणाच्या चहात काही आपटलं नाही. हे बरं का वाईट, ठरवता आलं नाही.

३ सप्टेंबर
चर्चासत्राचा ग्रंथ बांधायला आला. ऋणनिर्देशात शेवटची ओळ: "काश्मीरची कन्या कु. नुझहत हिने केलेल्या आदरातिथ्याबद्दल." तीनशे पानांत तिचं जे बोलणं खरं होतं ते कुठेही नाही. दूध आहे.

मी शिवून दिला. उलटा शिवायची फार इच्छा होती.

फोन अजून बंद.

२७ सप्टेंबर
लागला. आवाज खोल गेलाय.

कॉलेज महिनाभर बंद होतं. आता उघडलंय, पोरी थोड्या आल्या. ती त्यांना मागच्या उतारावर नेते आणि झाडं ओळखायला लावते, कारण प्रयोगशाळेची किल्ली पत्र्याच्या भिंतीपलीकडे गेली आहे. एका पोरीच्या आजीला नावं जास्त येतात, पण आजीची नावं पुस्तकात नाहीत, तर परीक्षेत कुठली लिहायची? न.ने सांगितलं, दोन्ही.

मग विचारलं, "गेलास?"
मी म्हटलं, गिऱ्हाईकं फार.
तिने विषयच बदलला. हे तिचं सर्वात वाईट.
म्हणाली, "इथे कंत्राट डिसेंबरपर्यंत आहे. पुढे घेतील का माहीत नाही. अब्बूंनी एक स्थळ बघितलंय, श्रीनगरचं. मी थांबा म्हटलंय."
"किती थांबतील?"
"ते मला नाही, तुला माहीत."

८ ऑक्टोबर
गेलो. कॉलेजात.

कारकून काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे वा, चहावाले. पुन्हा प्रवेश? मिळेल की. वि. प्र.ची सही आणा." वि. प्र.ची सही म्हणजे माफी. परीक्षकांचा चहा अजून वाळलेला नाही.

फाटकापर्यंत परत आलो. तिथे वॉचमन डुलक्या काढत होता. कोणीही आत येत होतं, कोणीही बाहेर जात होतं. कोणी ओळखपत्र मागत नव्हतं. एवढं उघडं फाटक मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. स्वतःचाच वीट आला.

तसाच मोबाइलच्या दुकानात गेलो आणि प्रीपेडचं पोस्टपेड करून घेतलं. दुकानदार म्हणाला, "काय, नोकरी लागली वाटतं." म्हटलं, हो.

१२ ऑक्टोबर
वि. प्र.च्या केबिनबाहेर बाकावर. मनात वाक्य तयार: सर, त्या दिवशी माझं चुकलं. चुकलं नव्हतं. पण वाक्य तयार.

सर बाहेर आले. मला पाहिलं. या वेळी ओळखलं. म्हणाले, "हं. येतो मी," आणि जिन्याने खाली गेले.

मी बसलो. वाटलं चहाला गेले असतील. वाक्य घासत बसलो. पोरं आली, गेली. शिपायाने पंखे बंद केले, मग दिवे, मग मला विचारलं, "कोण पाहिजे?"
"सर येतायत."
"सर घरी गेले की मघाशीच. तुम्हाला सांगून नाही गेले?"
"येतो म्हणाले."
"मग तेच की," शिपाई म्हणाला.

चार पिढ्या पुण्यात काढून मला मराठी कळली नाही.

घरी पोचताच फोन लावला, लागला. न.ला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागली, जूननंतर पहिल्यांदा, इतकी की मागून तिच्या आईने काय झालं म्हणून विचारलं. म्हणाली, "आता कळलं त्या टपरीवर मला काय वाटलं होतं?"
कळलं.
"मग उद्या परत जाशील? का निघून आलास तो आलासच?"
मला रागाने काहीतरी बोलायचं होतं. वि. प्र.वर, परीक्षकांवर, श्रीनगरच्या स्थळावर. तोंडातून निघालं, "बरं, ठेव. येतो."

ती म्हणाली, "अहो, कुठलं येतो?"

फोन ठेवून खाली आलो. इस्त्रीवाला दुकान आवरत होता. पांढरा शर्ट त्याच्याकडे टाकलाय. सकाळी लवकर दे म्हटलं. त्याने विचारलं, कुठे जाताय. सांगितलं नाही.