ब्रॅक्सलीच्या त्या गोलाची वाटणी

मी, क्लिफर्ड ऑर्म्सबी, वय एकोणसत्तर, धंदा आधी फुटबॉल व नंतर नळजोडणी, राहणार मिल लेन, ब्रॅक्सली, लँकेशायर, माझ्या मिळकतीची व्यवस्था या मृत्युपत्राने राजीखुशीने लावीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर ओकोरो यांनी आज सकाळी दिला. तो खरा आहे तोवर उरकावे, म्हणून वकीलबाई मिसेस हॉलरॉइड भराभर लिहून घेत आहेत.

१. राहते घर सामानासह माझी मुलगी मॉरीन हिला. चुकलो. मॉरीन माझी बायको, ती वारली. मुलगी जॅनिस, घर जॅनिसला. पण बाई, वरचं खोडू नका. मॉरीनचं नाव या कागदावर असू द्या.

२. पाने, पाइप वाकवायचे यंत्र व इतर हत्यारे जावई कीथ याला. निम्मी त्याने मागून नेली ती परत आलीच नाहीत. ती आता कायद्याने त्याची.

३. ब्रॅक्सली टाऊन क्लबला काहीही नाही. चौथ्या डिव्हिजनमध्ये त्यांच्यासाठी मधल्या फळीत मी उमेदीची सगळी वर्षं धावलो. मॅनेजर क्रॅबट्रीने हातात चहाचा कप घेऊन, बोळातच सांगितलं, "ऑर्म्सबी, बूट घेऊन जा. तुझ्या जागी नवा येतोय." मी त्याचे आभार मानले. का मानले, हे मला आजही कळलेलं नाही.

४. माझा मेंदू विद्यापीठातील संशोधकांना. आमच्या वेळचा चामड्याचा चेंडू पावसात भिजला की धोंड्यासारखा होई, आणि तो आम्ही डोक्याने मारीत असू. त्यामुळेच माझ्या आठवणींचा हा घोळ झाला का, ते त्यांनी पाहावे. जॅनिस आधी नाही म्हणाली, बाहेर जाऊन रडली, मग हो म्हणाली. त्या मेंदूत कप स्पर्धेतला तो वादाचा गोल कुणाचा हेही दिसेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. दिसणार नाही म्हणाले.

५. सदर गोलाबाबत. कप स्पर्धेत पहिल्या डिव्हिजनचा बडा संघ आमच्या मैदानातल्या चिखलात हरला, एक-शून्य. कॉर्नर किकवर मी आणि आमच्याच संघातला बॅरी एन्ट्विसल एकदम उडालो, डोकी आपटली, दोघेही पडलो. उठलो तेव्हा चेंडू जाळ्यात होता आणि बॅरीचा हात वर. भोंग्यावर त्याचं नाव, पेपरात त्याचं नाव. गावाने त्याला जन्मभर बिअर पाजली. मी तो माझा म्हणत राहिलो आणि आमचं बोलणं तुटलं. एकाच पबमध्ये दोन टोकांना बसायचो.

माझ्या आजाराचं कळल्यावर बॅरी बेकरीतला मांस भरलेला पोर्क पाय घेऊन दारात आला. कोट न काढता म्हणाला, "क्लिफ, तो तुझाच होता रे. मी नुसता हात वर केला."

"मग इतकी वर्षं?"

"लोक पाजत होते. नाही म्हणवेना."

तेव्हापासून तो दर गुरुवारी येतो आणि मला माझा गोल सांगतो. कधी कॉर्नर डावीकडून येतो, कधी उजवीकडून. तो खरं बोलतोय की मला आजारी बघून देऊन टाकतोय, हे मला ठरवता येत नाही. विचारलं तर आणलेल्या पोर्क पायचा तुकडा पुढे करतो. आणि जन्मभर मला डोळे मिटले की मी उडताना दिसायचो; त्याने गोल माझा म्हटल्यापासून बॅरी दिसतो.

म्हणून लिहावे: तो गोल माझा असल्यास मी तो बॅरी एन्ट्विसल यास देत आहे. त्याचा असल्यास त्यावर माझा दावा नाही.

यावर मिसेस हॉलरॉइड म्हणाल्या, गोल ही मिळकत होत नाही, कलम कायद्याने निरर्थक आहे. आणि मिळकत होत असती तर मिस्टर एन्ट्विसल यांना साक्षीदार म्हणून सही करता आली नसती, कारण मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. साक्षीला आलेला बॅरी खुर्ची टेबलाशी ओढून बसला. मग म्हणाला, "म्हणजे मला काहीच मिळालं नाही ना? आणा पेन."

कलम तसेच ठेवावे.

हे मला वाचून दाखवले, समजले, आणि समजलेले असतानाच सही केली.

क्लिफर्ड ऑर्म्सबी

आम्हा दोघांच्या देखत सही झाली व आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या:
१. डॉ. चिडी ओकोरो
२. बॅरी एन्ट्विसल, निवृत्त, ब्रॅक्सली टाऊन

ठिकाण: ब्रॅक्सली
दिनांक: १७ मार्च २०११, गुरुवार