मोत्याचा सोमवार

सोलापूर, श्रावणातला सोमवार, १९७४

आज पुन्हा आमचा कुत्रा मोत्या गोठ्यामागं शेण खाताना सापडला. सासूबाई काठी घेऊन धावल्या. "लई घाणेरडं हाय, लांब कुंभारी गावाला सोडून या की कुणीतरी!" मी काठी धरली. हो, सासूबाईंच्या हातातली काठी मी धरली! आणि वाईट मुळीच वाटत नाही.

तो शेण फक्त सोमवारीच का खातो, हे कुणाच्याच ध्यानात कसं आलं नाही? सोमवारी घरात कडक उपास, संध्याकाळपर्यंत चूल थंड. त्याला भाकरी कुठून मिळणार?

"त्यालाबी पुण्य लागतंय," सासूबाई म्हणाल्या.

मी काठी चुलीत घातली, चूल पेटवली आणि भरदुपारी दोन भाकरी थापल्या. एक मोत्यानं खाल्ली, शेणाकडं वळूनही पाहिलं नाही.

दुसरी मी खाल्ली, सासूबाईंसमोर बसून.