कंपनी विकली जाणार, हे नक्की!

३ जानेवारी
आज आयुष्य बदललं. एका बड्या कंपनीच्या साहेबांनी आमच्या 'दे-घे' ॲपवरून शेजाऱ्याची शिडी उसनी घेतली. एवढ्या मोठ्या माणसाला शिडी कशाला? गुप्त तपासणी! कंपनी आपल्याला विकत घेणार. पार्टनर म्हणाली, बल्ब गेला असेल रे त्यांचा. कोडिंग झकास करते, पण धंद्यातलं कळत नाही. डोळे मात्र... असो.

५ जानेवारी
ठरलं. ॲप विकलं की त्याच संध्याकाळी पार्टनरला लग्नाचं विचारायचं. आत्ता विचारलं तर मी कॉलेज सोडलेला मुलगा. तेव्हा विचारलं तर कॉलेज सोडलेला फाउंडर. जमीन-अस्मानाचा फरक!

९ जानेवारी
समोरच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी चेक घेऊन दारात. म्हणे, ॲप आवडलं, दर महिन्याला फी देऊ. हाकललं. कमाई शून्य असली की कंपनी विकत घेणारा स्वप्नं बघतो, चार पैसे दिसले की हिशोब करतो. पार्टनर भडकली. सर्व्हरचं भाडं स्वप्नातच भरणार का, म्हणाली. मी टेबलावर मूठ आपटली. मूठ सुजली. ताई फिजिओथेरपिस्ट, ऑफिस तिच्याच क्लिनिकच्या मागच्या खोलीत. शेक फुकट मिळाला, टोमणे त्याहून जास्त.

१४ जानेवारी, सकाळ
साहेबांनी पुन्हा शिडी घेतली. सौदा अंतिम टप्प्यात.

त्याच दिवशी, दुपार
पार्टनरने आणखी दोन सेक्रेटरी पटवले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, घे तुझे सेक्रेटरी आणि काढ वेगळं ॲप! मेलवरही तेच लिहून पाठवलं, म्हणजे शब्दाला वजन येतं.

१५ जानेवारी
तिने खरंच काढलं, तेही एका रात्रीत. लेखी परवानगीबद्दल थँक्यूचा मेल आला. शेवटी स्मायली. स्मायली म्हणजे आशा.

२३ जानेवारी
साहेबांचा फोन! उद्या भेटायला येतायत. शर्टाला स्वतः इस्त्री केली. कॉलर किंचित जळली. मान तिरकी ठेवली की दिसत नाही.

२४ जानेवारी
साहेब आले. म्हणाले, आमच्या स्टाफ कॉलनीत ॲप सगळे वापरतात, फी कुठे भरायची? मी अभिमानाने म्हणालो, आम्ही फी घेत नाही. मग विकत घेण्याचं विचारलं. साहेब हसले. म्हणाले, फुकटचं ॲप उद्या बंद पडलं तर? फी घेणाऱ्या त्या मॅडमचा नंबर द्या बरं. आणि मान अवघडली असेल तर पुढेच क्लिनिक आहे.
नंबर दिला. पाठ होता.

२७ जानेवारी
ताई म्हणाली, राजे, खोली रिकामी करा, पेशंट उभे राहतायत. शिवाय तुझ्या पार्टनरचा फोन होता. बिल्डिंगवाल्यांच्या तक्रारी ऐकायला माणूस हवाय तिला. मी म्हणाले, आमच्याकडे पडून आहे एक.
विचार केला. ती बॉस, मी स्टाफ. म्हणजे रोज भेट. शिवाय कंपनी आतून समजून घेता येईल. लग्नाचं पगार सुरू झाल्यावर विचारू. बरा पगार. परमनंट झाल्यावरच.
खुर्ची ताईला दिली. पंखा बंद केला. निघालो, आणि दार ओढून घेतलं.