सत्यशीलाचं जॅकेट

३ ऑगस्ट, रविवार
साखरपुडा होऊन दोन महिने झाले आणि मी सत्यशीलाला अजून काहीही दिलेलं नाही. हे सकाळी दात घासताना एकदम लक्षात आलं. मग पोहे गेले नाहीत.
तिचा वाढदिवस ३१ ऑगस्टला. तिने नर्सिंग नुकतंच संपवलं. अंबाजोगाईला असते, रोज डॉक्टर बघते. मी इकडे कडा गावात बजरंगभाऊंच्या दुकानात फ्लेक्स डिझाइन करतो. बारावी पास (दुसऱ्या प्रयत्नात, पण पास). त्यामुळे साधं गिफ्ट चालणार नाही. तिच्या चुलत बहिणीला होणाऱ्या नवऱ्याने मोबाइल दिला. मोबाइल कोणीही देतो. मी युनिक देणार.
दुपारी तिचाच फोन. एका दवाखान्यात नोकरी ठरली, ८ सप्टेंबरला हजर व्हायचंय. लग्नानंतरही ती करायची आणि आपण दोघांनी अंबाजोगाईलाच खोली घेऊन राहायचं, तुम्हाला चालंल का, फ्लेक्सची दुकानं इकडंबी हायत, म्हणाली. घरी विचारा आणि हो का न्हाई ते सांगा. मी म्हणालो, सांगतो.
प्रश्न महत्त्वाचा आहे. बाबांशी बोलावं लागेल. आधी गिफ्ट.

५ ऑगस्ट
इन्स्टाग्रामवर अभ्यास सुरू. मोठ्या कंपनीचं घेणं आता मागासलेपणाचं मानतात, असं दिसतं. इंडिपेंडंट डिझायनर एक वस्तू एकदाच करतात. वाचून बरं वाटलं, कारण मीही एक फ्लेक्स एकदाच करतो. (फोटो आणि नाव बदलतं, बाकी तेच. पण फोटो आणि नाव हेच तर मुख्य.)
मातीचे कानातले: पडले तर फुटतील, फुटले तर अपशकुन. रद्द.
क्रोशाची पर्स: आमच्या टीव्हीवरचं कव्हर तसंच आहे. रद्द.
हाताने रंगवलेल्या चपला: पायाचा नंबर विचारावा लागेल, मग सरप्राइज कसलं. रद्द.
बाबांना विचारायचं राहिलं. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतात. सध्या सीझन नाही, त्यामुळे दिवसभर घरीच असतात. पण विचारावं असा मोकळा वेळ त्यांना सापडत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
बजरंगभाऊंना व्हिंटेज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जुनं, पण किमती. ते म्हणाले, अबे, आमच्या आज्जीनं जुन्या लुगड्याच्या वाकळा शिवता शिवता डोळे घालवले, तिला कुणी डिझायनर म्हणलं न्हाई बे. मग म्हणाले, पोरीला नवं कोरं लुगडं घे अन् मोकळा हो. जग कुठे गेलं, हे भाऊंना माहीत नाही. त्यांनी कालच्या बॅनरवर 'शुभेच्छुक' चुकवलं होतं. मी गुपचूप दुरुस्त केलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सापडलं!
पुण्याच्या एक मॅडम जुन्या साड्यांचे तुकडे जोडून हाताने जॅकेट शिवतात. निळं, काठ केशरी, पाठीवर बारीक टाके. खाली लिहिलेलं, वन ऑफ वन. म्हणजे जगात एकच. मेसेज केला. मॅडमनी मला 'डिअर' म्हटलं. मी उत्तरात सांगितलं की मीही डिझायनर आहे. त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.
बुक केलं. मन एकदम हलकं. नोकरीच्या प्रश्नाचं टेन्शनही कमी झालं. असं गिफ्ट देणारा माणूस मागासलेला नसतो, हे तिचं तिलाच कळेल. एका अर्थी उत्तरच.

१५ ऑगस्ट
जॅकेट अंगाबरोबर करून द्यायला मॅडमना माप हवंय. सत्यशीलाला विचारणं शक्य नाही. साखरपुड्याचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. ती ज्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलीय, तशीच खुर्ची आमच्याकडे आहे. खुर्चीची पाठ टेपने मोजली आणि त्यावरून तिच्या खांद्याचं आणि बाहीचं माप काढलं. तीनदा मोजलं. आई दारात उभी राहून बघत होती.

१९ ऑगस्ट
तिचा पुन्हा फोन. विचारलं का घरी? मी म्हणालो, थोडं थांब, सरप्राइज आहे. ती म्हणाली, अहो, मला सरप्राइज नको, हो का न्हाई तेवढं पाहिजे. मुली असंच म्हणतात.
संध्याकाळी बाबांजवळ जाऊन बसलो होतो. ते दाढी करत होते. वस्तरा गळ्यापाशी असताना असा विषय काढणं बरं नाही.

२३ ऑगस्ट
पार्सलमध्ये घालायला कार्ड डिझाइन केलं. त्यातच उत्तर लिहायचं असं नक्की ठरवलं. म्हणजे फोनवर अडखळायला नको. बॉर्डरला मोर घेतले, कोपऱ्यात कमळं, मध्ये तिचं नाव सोनेरी, मागे सावली. मग उत्तराला जागाच उरली नाही. एक मोर काढून बघितला, तोल गेला. परत टाकला.
काम म्हणून उत्तम झालंय. मॅडमना फाइल पाठवली.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
मंडळांचे फ्लेक्स. मरणाची गर्दी. लिंबागणेश गावच्या एका मंडळाने कार्यकर्त्यांचे एवढे फोटो पाठवले की गणपतीला जागा करताना घाम फुटला. या गडबडीत घरगुती प्रश्न काढता येत नाहीत, हे कुणालाही पटेल.

३१ ऑगस्ट, रविवार
वाढदिवस. पार्सल पोहोचलं नाही. दिवसभर ट्रॅकिंग बघत होतो. तिला शुभेच्छांचा मेसेज केला, अनुस्वार तपासून. तिचं उत्तर: 'थँक्यू. विचारलं?'
मी केकचं चित्र पाठवलं.

१ सप्टेंबर, सोमवार
फोनवरून कळलं ते क्रमाने लिहितो.
तिच्या घरी आज महालक्ष्म्यांचं पूजन. सगळी भावकी जमलेली. नैवेद्याच्या आधी कुरिअरवाला दारात. पार्सलवर माझं नाव. तिची आत्या छबुबाई, जिच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नाही, म्हणाली, पोरीच्या सासरहून महालक्षुम्यांना साडी आली, बघा बाई कसे संस्कारी लोक. आणि सगळ्या बायकांसमोर, मुखवट्यांच्या पुढे, हळदकुंकू लावून पार्सल उघडलं.
आत जॅकेट. जुन्या साड्यांचं. सोबत माझं मोरांचं कार्ड आणि मॅडमची चिठ्ठी. एका शाळकरी मुलीने ती मोठ्याने वाचली: 'या कापडात एक बाई आयुष्य जगली आहे.'
छबुबाईंचा मला फोन. काव्हून ओ जावईबापू, देवीला जुनेर धाडलं? भांडेवालीबी जुन्या लुगड्यावर पातेलं देती, तुमी तर तेबी दिलं न्हाई. अन् ही बाई कोण? हाय का गेली? मेलेल्या बाईचं कापड लग्नाच्या पोरीच्या अंगावर घालताव का? तिच्यामागे बायका हसत होत्या. एकजण, मला वाटतं, रडत होती.
मी म्हणालो, चौकशी करून सांगतो.

२ सप्टेंबर
मॅडमना मेसेज: सदर महिला हयात आहेत का, कृपया कळवावे. उत्तर आलं: 'त्या प्रत्येक टाक्यात जिवंत आहेत' आणि हृदयाचं चित्र.
यावरून काहीच ठरवता येत नाही. छबुबाईंना हयात असल्याचं कळवलं.

४ सप्टेंबर, गुरुवार
सत्यशीलाचा फोन! चिडलेली नाही. उलट हसत होती. म्हणाली, आत्याचं सोडा, मला जॅकेट लई आवडलं, अन् अंगात इतकं नेमकं बसलं, माप कुठून आणलं? मी खुर्चीचं सांगितलं. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. साखरपुड्यापासून पहिल्यांदाच आम्ही असं बोललो.
मग म्हणाली, सोमवारी हजर व्हायचंय. पप्पा म्हणतात, सासरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलू नको. घरचं जाऊ द्या, तुमचं तुम्ही सांगा. तुम्ही माझ्या बाजूने हायत का?
मी म्हणालो, सांगतो.
फोन ठेवल्यावर खूप आनंदात होतो. जॅकेट आवडलं.

७ सप्टेंबर, रविवार
आज नक्की विचारणार होतो. पण ग्रहण. वेध लागलेले. उद्यापासून पितृपंधरवडा. या दिवसांत शुभ विषय काढत नाहीत. तिला तसं कळवलं. मेसेज वाचल्याची खूण आली. समजूतदार आहे.

१० सप्टेंबर, बुधवार
सत्यशीलाचे वडील रामहरीमामा आणि तिचे चुलते आले होते. आईने चहा टाकला, तो त्यांनी घेतला नाही. साखरपुड्याची साडी आणि अंगठी स्टीलच्या डब्यात घालून आणली होती. डबा नवा होता.
मामा शांतपणे बोलले. पोरगी सोमवारी हजर झाली. कुणाला विचारलं न्हाई, मलाबी न्हाई. ती म्हणती, हो म्हणाले असते तर नांदले असते, न्हाई म्हणाले असते तर भांडले असते, पण 'सांगतो'सोबत संसार कसा करायचा?
जुनेरामुळेच झालं, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, त्याचं कुणी मनावर घेतलं न्हाई ओ.
ते गेल्यावर बाबा म्हणाले, आता तोंड पाडून काय बसलास? मला तर त्यांनी पोळ्यालाच इचारलं होतं. म्या म्हणलो, अभिमन्यूला इचारा, त्याचं चालत आसंल तर आमची आडकाठी न्हाई. नर्स सून वाईट हाय का? तू मला येकदा तरी इचारलास का बे?
मी म्हणालो, विचारणारच होतो.
डब्यात सगळं होतं. जॅकेट नव्हतं. दोनदा बघितलं.

२१ सप्टेंबर, रविवार
तिचा डीपी बदललाय. दवाखान्याच्या गेटसमोर उभी आहे, पांढऱ्या युनिफॉर्मवर निळं जॅकेट. खांद्याला कुठेही ओढलेलं नाही, बाह्या मनगटाशी बरोबर संपतात. पाठ दिसत नाही, पण तीही बरोबरच असणार.
दुपारी पुण्याच्या मॅडमचा मेसेज आला, डिअर, रिव्ह्यू द्याल का? छोट्या डिझायनरला फार मदत होते.
लगेच लिहिला. 'माप अचूक. शिलाई उत्तम. ज्यांच्यासाठी घेतलं, त्यांनी ठेवून घेतलं.' ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि पाच स्टार दिले.
खाली एक प्रश्न होता: पुन्हा खरेदी कराल का? हो किंवा नाही यातलं एक दाबल्याशिवाय रिव्ह्यू पुढे जात नाही.
तो तसाच उघडा ठेवलाय.