साडूभाऊंच्या पलंगाखाली

आदरणीय साडूभाऊ यांस,

वयाने मी मोठा, पण नात्याने तुम्ही, तेव्हा नमस्कार मीच करतो, तो गोड मानून घ्यावा. ताईंनाही सांगावा. तुमची प्रकृती कशी आहे हे मुद्दाम विचारत नाही, कारण ती उत्तमच असणार. तुमचं सगळंच उत्तम असतं. चष्म्याचं दुकान उत्तम, झोप उत्तम, डोक्यावरचे केस अजून जागच्या जागी, आणि वर पुन्हा ती मुलगी. तिला माझा एक पापा द्या. (माझ्या नावाने द्या. तुमच्या नावाने तुम्ही दिवसभर देतच असाल.)

हे पत्र मी प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. हिला मघाशीच आत नेलं. सासूबाई दाराला कान लावून उभ्या आहेत, दोन्ही चिरंजीव जिन्याच्या कठड्यावरून घसरतायत, आणि मला करायला काही नाही. येरझाऱ्या घालत होतो, पण माझ्या चपला फार वाजतात म्हणून नर्सबाईंनी बसवून ठेवलं. म्हटलं, आतून निरोप यायच्या आत तुमच्याशी एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा. हे आमचं तिसरं. मला मुलगी हवी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आख्ख्या सासरवाडीला ठाऊक आहे. पण ती व्हावी म्हणून मी काय काय केलं, आणि त्यात तुमचा हात किती, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. हिने ताईंना फोनवर काहीतरी अर्धवट सांगून हसवलं आहे असं कळतं. पूर्ण हकिगत माझ्याकडून ऐका.

आधी एक गोष्ट सरळच लिहितो. मला तुमचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, जेवण जात नाही असा. दुकानाचा नाही, घराचा नाही (केसांचा किंचित). गेल्या सुट्टीत आम्ही तुमच्याकडे राहायला आलो होतो तेव्हाची संध्याकाळ आठवा. तुम्ही दार ढकललंत आणि ती पोरगी धावत येऊन तुमच्या पायाला लटकली. तिला तशीच लटकवून तुम्ही चपला काढल्यात, हात धुतलेत, खुर्चीत बसलात. मग तिने मागे उभं राहून बाहुलीच्या कंगव्याने तुमचा भांग पाडला आणि आज चष्म्याला कोण कोण आलं होतं त्याची चौकशी केली. तुम्हीही साहेबापुढे उभं राहिल्यासारखा सगळा हिशोब दिलात. समोरच्या खुर्चीत मी बसलो होतो. हातात चहा होता, तो मी प्यायलो की नाही मला आठवत नाही. आमच्याकडे मी घंटी वाजवली की थोरला दार उघडतो, आत वळून 'आई, बाबा आहेत' असं सांगतो (ज्या सुरात 'आई, गॅसवाला आहे' सांगतो त्याच सुरात) आणि खेळायला पळतो. पोरं गुणी आहेत, माझी तक्रार नाही. पण दात पडला की आई, गुडघा फुटला की आई, स्वप्न पडलं की आई. माझ्याकडे फक्त पेचकस मागायला येतात.

त्या संध्याकाळी जेवताना मी तुम्हाला विचारलं, मुलगी होण्यासाठी तुम्ही नेमकं केलंत काय? तुम्ही हसलात आणि म्हणालात, "काही नाही हो, त्या वर्षी भिंतीला ओल आली म्हणून पलंग हलवला होता, एवढंच आठवतंय." सगळे हसले. कुणाला संशय येऊ नये म्हणून मीही हसलो. पण जिवाला एक घोर लागला. पलंग हलवला! माणूस गमतीच्या नावाखाली खरं बोलून जातो, आणि तुमच्यासारखा सरळ माणूस तर नक्कीच. आमचा पलंग लग्नापासून जिथे ठेवला तिथेच होता, आणि आम्हाला दोन्ही मुलगे. आता सांगा, मी दुसरा काय अर्थ काढायचा?

दुसऱ्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी थोरल्याच्या सहलीच्या पिशवीतलं होकायंत्र घेऊन तुमच्या खोलीत शिरलो. पलंगावर चादर नीट ताणलेली, वर काही ठेवलं तर खूण राहील, म्हणून खाली सरपटत गेलो आणि फरशीवर होकायंत्र टेकवलं. उशी स्वच्छ दक्षिणेला! एवढ्यात पलंगाची झालर वर झाली आणि तुमच्या कन्येचं डोकं आत आलं. "काका, आपण कुणापासून लपलोय?" असं तिने विचारलं. मी लपलो होतो, पण तिने 'आपण' म्हटलं, साडूभाऊ. मी म्हटलं, तुझ्या बाबांपासून. ती लगेच माझ्या शेजारी येऊन पालथी पडली, तोंडावर हात दाबून, खांद्याला खांदा लावून. खाली धूळ होती, माझी पाठ आखडली होती, पण तिथे मी दिवसभर पडून राहिलो असतो. तेवढ्यात तुम्ही टॉवेल गुंडाळून आलात आणि ती 'बाबा' असं किंचाळत, मला तिथेच टाकून, बाहेर धावली. मी शर्टाचं बटण पडलंय म्हणालो. तुम्ही ओल्या अंगाने गुडघ्यांवर बसून माझ्याबरोबर बटण शोधलंत, आणि कळस म्हणजे कुणाचं तरी एक बटण शोधूनही दिलंत. इतका चांगला माणूस नात्यात असणं फार त्रासाचं असतं.

घरी आलो आणि कामाला लागलो. तुमच्याकडे ताईंच्या रक्तदाबामुळे मीठ बेताचं घालतात, म्हणून आमच्याकडेही मीठ कमी केलं. (धाकटा शाळेच्या डब्यासाठी खिशात मिठाची पुडी बाळगू लागला. पकडला गेला तेव्हा औषध आहे म्हणाला.) तुमच्या खिडकीला फिकट निळे पडदे, आम्ही फिकट निळे लावले. तुम्ही जेवण झाल्यावर भांडी पुसता, मीही पुसू लागलो. एवढंच काय, तुमच्यासारखं हळू आवाजात बोलायचाही प्रयत्न केला, पण माझा जन्म लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे घरच्यांना वाटलं माझा घसा बसला. हिने आठवडाभर सगळं बघून घेतलं आणि एके दिवशी ओल्या कपबश्या माझ्या हातात देताना म्हणाली, "तुम्हाला मुलगी नकोय. तुम्हाला भाऊजींची मुलगी हवीय." मला इतका राग आला की कपबशी न पुसताच फळीवर ठेवली. राग यायचं कारण तुम्ही ओळखलं असेलच, आणि ओळखलं असलं तरी बोलून दाखवू नका.

आता पलंगाचं. तुम्ही आमची झोपायची खोली पाहिली आहे. दुकान पडलं टीचभर, त्यामुळे गिऱ्हाइकांचे नादुरुस्त कर्णे आणि त्यांतले काढलेले गोल चुंबक अशी खोकी या खोलीत भिंतीशी रचून ठेवलेली असतात. मी खोलीच्या मध्यावर होकायंत्र ठेवून दक्षिण काढली, पलंग फिरवला, उशी दक्षिणेला केली. खालच्या मजल्यावरचे शिक्षक काठीने छत ठोकत होते, तिकडे लक्ष दिलं नाही. थोड्या दिवसांनी काही खोकी दुकानात नेली, उरलेली खिडकीखाली सरकवली आणि सहज पुन्हा होकायंत्र पाहिलं, तर दक्षिण सरकलेली! मला वाटलं, पहिल्यांदा माझा हात चुकला. पुन्हा पलंग फिरवला. मग लग्नसराई आली, दुरुस्तीला ढीगभर कर्णे आले, ते कपाटाजवळ रचले, दक्षिण परत हलली. पलंग परत हलला. शेवटी तो खोलीत असा तिरका बसला की दार अर्धंच उघडायचं आणि आम्ही दोघं आडवे होऊन आत शिरायचो. हिने एकदा विचारलं, "सकाळचं ऊन पायाकडून येतंय, मग पूर्व कुठली?" मी म्हटलं, खिडकी बांधणाऱ्याने चुकीच्या जागी बांधली असेल, यंत्र चुकत नाही. त्या खिडकीतून रोज सकाळी ऊन येतं हे मी लग्न झाल्यापासून बघतोय, तरी म्हटलं.

हिला दिवस गेल्यावर मी एकदा स्वयंपाकघरात थोरल्याला दिशा शिकवायला बसलो. स्वयंपाकघरात उत्तर एकीकडे, झोपायच्या खोलीत दुसरीकडे. एकाच घरात दोन उत्तरा! होकायंत्र हातात धरून मी घरभर फिरलो, आणि सुई प्रत्येक वेळी माझ्या खोक्यांकडे बघत होती. साडूभाऊ, चुंबकावर ज्याचं पोट चालतं त्या माणसाने चुंबकाच्या ढिगाशेजारी होकायंत्र मांडलं होतं. कितीतरी वर्षं ही मला ती खोकी घराबाहेर काढा म्हणून सांगत होती. ती हसली नाही. नुसती खुर्चीत बसली आणि पोटावर हात ठेवून पोटातल्याला म्हणाली, "ऐकलंस का? तुझे बाबा." तेव्हा नेमक्या वेळी आमची उशी कुठल्या दिशेला होती हे आता एक देव जाणे, नाहीतर खालचे शिक्षक.

तर अशी परिस्थिती आहे. तुम्ही त्या दिवशी जेवताना पलंगाचं नाव काढलं नसतं तर मी शांतपणे नशिबावर सोडून मोकळा झालो असतो. आज मुलगी झाली तर तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. मुलगा झाला तर मात्र पुढच्या सुट्टीत आम्ही तुमच्याकडे येऊ असं धरून चालू नका. मला ते पुन्हा समोर बसून बघवणार नाही. आत कुणीतरी रडल्याचा आवाज येतोय, सासूबाई मला हाताने बोलावतायत, तेव्हा इथेच थांबतो.

तुमचा (नाइलाजाने) धाकटा,
कर्णेवाला

ता. क. मुलगा झाला. ही सुखरूप आहे, झोपली आहे. नर्सबाईंनी बाळ आधी सासूबाईंच्या हातात दिलं, ते एवढं रडलं की जिन्यावरची पोरं पळत वर आली. मग एका मावशींनी घेतलं, तरी तेच. मी लांब, भिंतीकडे तोंड करून, तुम्हाला आणखी काय काय लिहावं याची जुळवाजुळव करत होतो. शेवटी कंटाळून त्यांनी ते माझ्या खांद्यावर टाकलं आणि ते गप्प झालं. सासूबाईंनी परत घेतलं, परत रडलं. माझ्याकडे आलं, गप्प. सगळ्यांदेखत. सासूबाईंनी तर दोनदा करून पाहिलं.

आणखी ता. क. वरचं सगळं पत्र फाडून नवं लिहिणार होतो. पण तो अजून खांद्यावरच झोपला आहे आणि एका हाताने लिहिता येतं, फाडता येत नाही. म्हणून आहे तसंच पाठवतो. त्यातलं हेव्याचं तेवढं वाचू नका. ताईंनाही दाखवू नका.

शेवटचं ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी तुम्ही सगळे बघायला येणार असं सासूबाई म्हणाल्या. अवश्य या. तुमच्या लेकीला मी खुर्चीत बसवून तिच्या मांडीवर बाळ देईन, ताईंना हवा तेवढा वेळ देईन. पण साडूभाऊ, कुठलंही पोर तुमच्याकडे आपणहून जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. हाही गेला तर मी काय करू? तुम्ही सर्दी झालीय म्हणून सांगा, पाठीत उसण भरलीय म्हणून सांगा, काहीही सांगा, पण त्याला उचलून घेऊ नका. निदान तो मला ओळखायला लागेपर्यंत तरी.