कातळ, दक्षिण, बाराशे पावलं

पिंपळगाव रेणुकाई,
१२ जानेवारी २०२५

प्रिय पायलताई,
सप्रेम जयभीम.

तुझ्या मनगटाचं प्लास्टर याच आठवड्यात निघणार, असं मोठ्या आईंकडून कळलं. महिनाभर एका हाताने वेणी कशी घातलीस, हे माझ्या मनात रोज येतं. इकडे तुरी कापून झाल्या. आईने तुझ्यासाठी तीळ भाजून ठेवले आहेत.

तुझी कयाक राधेश्यामभाऊंच्या खोपटात नीट आहे. मासे धरायच्या थर्माकोलच्या तराफ्याला बांधून त्यांनी तुला धरणातून या काठाला ओढून आणलं, ते अजून ज्याला त्याला सांगतात. "पुण्याची बाई गेल्ती महागाच्या होडीत, आली माझ्या थर्माकोलच्या मागं." सगळे हसतात. मीही हसले. जरा जास्तच.

बाबा कसे आहेत, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा बरे आहेत म्हणाले. ते बरे नाहीत. तुला आठवतं, निरोप घेताना तू किती मायेनं म्हणालीस, "काका, असू द्या, तीस वर्षांत वहीत एखादी चूक राहणारच." तेव्हापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. कुलूप लावलं का, म्हणून तीनदा परत येतात. आज वार कोणता, ते माहीत असूनही मला विचारतात. जमीनमोजणीच्या तुकडीत सामान वाहणारे खलाशी म्हणून त्यांनी डोंगराडोंगरांवर दुर्बीण वाहिली, खुणेच्या प्रत्येक दगडाची नोंद वहीत केली, एक आकडा चुकवला नाही, आणि आता म्हणतात, "माझ्या हातानं पोरीचा हात मोडला."

वही चुकलेली नव्हती, ताई.

मी शाळेत जाण्याआधी त्याच वहीवर वाचायला शिकले. बाबा माझं बोट धरून अक्षरांवरून फिरवायचे: 'दगडावर वर्तुळ, मध्ये टिंब.' मोठी झालीस की धरणापलीकडचा तो मोजणीचा दगड दाखवीन म्हणायचे. मग त्यांचा गुडघा गेला, पायवाट धरणाच्या पाण्याखाली गेली, आणि मागच्या बाजूने काट्यातून जायला आई मला सोडेना. मी हट्टही केला नाही. मला भीती वाटायची, हे खरं आहे.

आणि तू तो दगड शोधायला गाडीच्या टपावर होडी बांधून आलीस. पहिल्या दिवशी तू पाण्यात वल्हं मारत होतीस, तेव्हा बाबा काठावर उभे होते. डोळ्यात मोतीबिंदू, तुझं नारिंगी जॅकेट तेवढं दिसत असेल. म्हणाले, "घरात एक तरी माझ्यावर गेली." मी शेजारी त्यांची काठी धरून उभी होते.

संध्याकाळी त्यांनी मला त्या खुणेची नोंद तुझ्यासाठी उतरवून द्यायला सांगितली. मी लिहिलं: 'कातळ, दक्षिण, बाराशे पावलं. सालई, पूर्व, साठ पावलं.' अक्षरन् अक्षर वहीतलं. पण बाबा नोंद नेहमी दगडापाशी उभं राहून करायचे. दगडापासून कातळ दक्षिणेला आहे. कातळावर उतरणाऱ्याने उत्तरेला जायचं. हे वहीत कुठे लिहिलेलं नाही. बाबांनी ते मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं, आणि मी तुला दिशा उलटवून सांगेन, असं ते धरून चालले. सकाळी तू होडीत बसताना विचारलंस, "बरोबर आहे ना गं?" मी म्हणाले, "एक काना इकडचा तिकडे नाही."

तू दक्षिणेच्या टेकडीवर गेलीस, घाणेरीच्या जाळीत घसरलीस. मला फक्त तुला दगड सापडू नये असं वाटत होतं. हात मोडावा असं नाही. पण हे म्हणून मी काय सिद्ध करते आहे, ते मलाच कळत नाही.

हे पत्र आज सकाळी बाबांना वाचून दाखवलं. इथपर्यंतच लिहिलं होतं. त्यांनी काठावरचा भाग पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजे वही बराबर होती."

मी हो म्हणाले.

"मंग ती पायलला पाठव. तिच्याकडंच राहू दे."

आवाज चढवला नाही. नंतर अंगणात गेले, आणि कुलपाला हात न लावता फाटकाबाहेर पडले. महिन्याभरात पहिल्यांदा.

वही सोबत आहे. कव्हर सुटतं आहे, जपून उघड. हात पूर्ण बरा झाल्याशिवाय निघू नकोस, आणि राधेश्यामभाऊंना सांगून जा. कातळावर उतरलीस की उत्तरेला बाराशे, सालईच्या झाडापासून पश्चिमेला साठ. बाबांची पावलं तुझ्यापेक्षा लांब होती. दगड सापडला की फोन त्यांना कर, मला नको.

तुझ्या मनगटाची आणि बाबांच्या या महिन्याची मी माफी मागते. हेवा अजून गेलेला नाही, म्हणून त्याची मागत नाही.

तुझीच,
आकांक्षा